भरलेलीच परत जाणारी बाटली: नागपुरातल्या एका शाळेतील खेळाच्या तासाचं प्रकरण

हे प्रकरण मी शिकवतो त्या शाळेतलं, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या एका मुलीचं आहे. मुलगी आणि तिचे आईवडील यांना विचारून लिहितो आहे. तिची किंवा शाळेची ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि माझ्या चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत, कारण त्या चुका दुसऱ्या कुणा शारीरिक शिक्षकाकडून होऊ नयेत एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

पार्श्वभूमी

शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मी एकटा. आठवीला आठवड्यात खेळाचे दोन तास, मंगळवारी आणि शुक्रवारी, दोन्ही जेवणाच्या सुट्टीला लागून. शाळेला मैदान आहे. अर्धं मातीचं, अर्ध्यावर काही वर्षांपूर्वी गट्टू लावले. ऑक्टोबरच्या दुपारी त्या गट्टूंवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. कडेला कडुनिंबाची तीन झाडं. पाण्याचा नळ इमारतीच्या मागे आणि मुलींचं बाथरूम त्याच्याही पलीकडे. नळ आणि बाथरूम कुठे आहेत, हे या प्रकरणात फार महत्त्वाचं ठरलं.

मुलगी आठवीत, तेरा वर्षांची. अंगाने बारीक आणि विलक्षण चपळ. खो-खोत तिच्या पाठीवर खो पडला की समोरचा गडी बाद झालाच म्हणून समजा. पण हे सुरुवातीच्या तीन-चार मिनिटांपुरतं. त्यानंतर ती मंदावायची, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहायची. दम कमी आहे, सरावाने वाढेल, असं माझं निदान होतं. वर्गशिक्षिकेच्या फाइलमध्ये जुलैपासून तिच्या रजेचे पाच अर्ज होते आणि पाचहीवर कारण एकच, "हातपाय दुखणे". ते अर्ज मी पाहिले नव्हते. खेळाच्या शिक्षकाला रजेचे अर्ज दाखवायची पद्धतच आमच्याकडे नव्हती.

प्रवेश अर्जात "विद्यार्थ्यास काही आजार आहे का?" असा रकाना आहे. तिच्या अर्जात तिथे आडवी रेघ होती.

त्या दिवशी काय झालं

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. क्षमता चाचणी घ्यायची होती. खेलो इंडियाच्या चाचणीत वजन-उंची, ५० मीटर धाव, लवचीकता, पोटाचे व्यायाम, दंड आणि ६०० मीटर असे घटक असतात. मी फक्कीने २०० मीटरचा गोल आखला होता, म्हणजे तीन फेऱ्या. दुपारचे सव्वादोन वाजले असतील. ऊन रणरणत होतं.

दुसऱ्या फेरीला ती माझ्यासमोरून जाताना म्हणाली, "सर, पाय दुखून राहिले." मी म्हणालो, "शेवटची फेरी आहे, थांबू नको, नाहीतर पाय आणखी धरतील." माझी नजर हातातल्या घड्याळावर होती. तिने फेरी पूर्ण केली, कडुनिंबाखाली बसली आणि उरलेला तास तिथेच काढला. तास संपल्यावर ती चालत वर्गात गेली, म्हणून मी निश्चिंत झालो.

रात्री तिच्या मांड्या आणि कंबर असह्य दुखायला लागली. पहाटे तिला सरकारी रुग्णालयात दाखल केलं. सलाइन, वेदनाशामकं, चार दिवस मुक्काम. तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका भेटून आल्या आणि शिक्षकखोलीत हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तिला सिकल आहे. एसएस पॅटर्न."

चाचणीची माहितीपत्रिका मी त्या संध्याकाळी पुन्हा काढून वाचली. तिथे घटकाचं नाव "६०० मीटर धावणे/चालणे" असं आहे. चालण्याची मुभा चाचणीतच होती. ती मी मुलांना सांगितलीच नव्हती. ते वाचल्यापासून आजपर्यंत एकाही वर्गाला ती चाचणी समजावून सांगताना "चालणे" हा शब्द मी आधी उच्चारतो.

आजार आणि मैदान यांचा संबंध

विदर्भात सिकलसेल घरोघरी ऐकलेला शब्द आहे, पण खेळाच्या तासाशी त्याचं काय नातं हे आम्हा शिक्षकांना कुणी सांगितलेलं नसतं. बी.पी.एड.ला मीही ते शिकलो नव्हतो.

हा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघंही वाहक, म्हणजे एएस पॅटर्नचे, असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, असण्याची शक्यता २५ टक्के असते. एसएस मुलाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे कळा येतात. अंगातलं पाणी कमी होणं, कडक ऊन, एकाएकी लागलेली थंडी, ताप आणि न थांबता केलेले श्रम, यांतलं काहीही निमित्त होऊ शकतं. त्या दुपारी यांतली तीन निमित्तं मी एका जागी आणून ठेवली होती.

चौथी गोष्ट मला तिच्या आईकडून कळली. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. त्यामुळे शरीरातलं पाणी जास्त जातं, वारंवार लघवीला लागते आणि इतरांपेक्षा जास्त पाणी प्यावं लागतं. आमच्या शाळेत तासाच्या मधे बाथरूमला जायचं तर हात वर करायचा, चाळीस मुलांसमोर विचारायचं आणि "आत्ताच तर सुट्टी झाली ना?" हे ऐकायचं. तिने त्यावर स्वतःपुरता उपाय शोधला होता. ती शाळेत पाणीच प्यायची नाही.

"सकाळी भरून देतो तशीच भरलेली बाटली घरी येते सर," आई म्हणाली.

समोर असलेले पर्याय

ती शाळेत परतली त्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत बैठक झाली. आई, वडील, वर्गशिक्षिका, मी. वडिलांचं म्हणणं स्पष्ट होतं: "आता तिले मैदानात नेऊच नका. लिहून देतो पाहिजे तं." मुख्याध्यापिकांनाही तेच हवं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही हवंसं वाटलं असतं. उद्या पुन्हा काही झालं तर जबाबदारी शाळेवरच येणार होती.

पूर्ण माफी, म्हणजे खेळाच्या तासाला वाचनालयात बसणं, हा एक मार्ग होता. मैदानावर यायचं पण गुण लिहायचे, शिट्टी वाजवायची, हा दुसरा. "जपून खेळ" एवढंच सांगून सगळं आधीसारखं चालू ठेवणं हा तिसरा. तो कुणी सुचवला नाही, पण कुणीच काही ठरवलं नसतं तर महिन्याभरात आपोआप तेच झालं असतं. चौथा, तासच बदलायचा, हा त्या दिवशी कुणाच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

आई बैठकीत गप्प होती. निघताना दारापाशी थांबून एवढंच म्हणाली, "सर, अर्जात सांगतलं असतं तं तुमी तिले खेळूच दिलं नसतं. म्हणून नाही लिहिलं." आणि आम्ही आत नेमकं तेच ठरवून बाहेर पडलो होतो.

लपवण्याला आणखी एक कारण होतं, ते नंतर कळलं. ती मुलगी असणं. तेरा वर्षांच्या पोरीला सिकल आहे हे मोहल्ल्यात पसरलं तर पुढे लग्नाच्या वेळी काय, ही धास्ती. त्या धास्तीवर हसण्याची माझी हिंमत नाही. मी ती अनेक घरांत पाहिली आहे.

तीन आठवडे बाकावर

दुसरा पर्याय ठरला. ती कडुनिंबाखालच्या बाकावर वही घेऊन बसायची आणि खो-खोचे गुण लिहायची. अक्षर सुंदर, हिशेब अचूक. मला वाटलं, प्रश्न सुटला.

दिवाळीच्या सुट्टीआधी हजेरीची बेरीज करताना वर्गशिक्षिकेने मला बोलावलं आणि हजेरीपटावर पेन्सिलीचं टोक फिरवलं. मंगळवार गैरहजर. शुक्रवार गैरहजर. पुढचा मंगळवार गैरहजर. बाकीचे दिवस हजर. पाय दुखल्याचे अर्ज होते, पण पाय काही वार पाहून दुखत नाहीत.

मी तिला विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सगळे विचारतात, तुले काय झालं. मी काय सांगू?"

या प्रकरणातला खरा निर्णयबिंदू हा होता. आम्ही तिचं शरीर वाचवायला निघालो होतो आणि तिची शाळा सुटत होती. बाकावर बसवल्याने तिचा आजार लपलाही नव्हता. उलट आठवड्यातून दोनदा चाळीस जणांसमोर त्याची जाहिरात होत होती.

त्याच सुमारास कार्यालयातून आणखी एक प्रश्न आला. माफी असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी कशी देणार? त्यावर उत्तर शोधताना मला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ वाचायला मिळाला. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. कलम १६ प्रमाणे अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलांना शिक्षणाबरोबर खेळाची आणि मनोरंजनाचीही इतरांच्या बरोबरीने संधी द्यायची आहे. तो परिच्छेद मी हाताने उतरवून मुख्याध्यापिकांना दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "म्हणजे माफी देणं हेच आपलं चुकलं."

डॉक्टरांचा कागद

आम्ही डॉक्टरांचं पत्र मागवलं. आलं. त्यात एक ओळ होती: "अतिश्रम टाळावेत." मैदानावर उभा राहून मी या ओळीचं काय करू? ५० मीटर हा अतिश्रम आहे का? लगोरी? सूर्यनमस्कार किती? दोष डॉक्टरांचा नव्हता, आम्ही विचारलंच तसं होतं, "ही खेळू शकते का?"

मग मी एका कागदावर वर्षभरात मी जे जे घेतो ते सगळं एकाखाली एक लिहिलं. प्रत्येकापुढे तीन चौकोन: चालेल, थांबत थांबत चालेल, नको. पुढच्या तपासणीला आई तो कागद घेऊन गेली. डॉक्टरांनी पाच मिनिटांत खुणा केल्या. योगासनं, रिंग टेनिस, फेक-झेल, तोलाचे खेळ, लेझीम चालेल. लगोरी आणि खो-खो थांबत थांबत. कबड्डी नको, कारण पोटातली प्लीहा थोडी वाढलेली होती आणि पोटाला मार लागणं धोक्याचं. वेळ लावून लांब धावणं नको. खाली त्यांनी स्वतःहून दोन ओळी लिहिल्या: "तिला थांबावंसं वाटलं की थांबू द्या, कारण विचारू नका. ताप १०१ च्या वर, छातीत दुखणं, धाप लागणं, हात-पाय लुळा पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालयात आणा."

शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीबद्दलही आईने त्याच वेळी विचारलं. तिच्या बाबतीत रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेव्हाच द्यायची, असं ठरलं. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

मैदानावर काय बदललं

वर्गाला तिच्या आजाराबद्दल सांगायचं की नाही, हे आम्ही तिच्यावर सोडलं. ती नको म्हणाली. म्हणजे तिच्यासाठी वेगळं काही केलं तर ते उघडं पडणार. म्हणून जे करायचं ते सगळ्या वर्गासाठी करायचं ठरवलं. बहुतेक गोष्टी आपोआप चांगल्या झाल्या त्या यामुळे.

दर दहा मिनिटांनी एक लांब शिट्टी. शिट्टी झाली की सगळ्यांनी सावलीत जायचं आणि आपापल्या बाटलीतलं पाणी प्यायचं. बाटल्या कडुनिंबाखाली रांगेत. पहिल्या दिवशी मी मोजलं, चाळीसपैकी चौदा मुलांकडे बाटलीच नव्हती. शाळेने झाडाखाली माठ ठेवला.

बाथरूमसाठी विचारायचं नाही. झाडाला खिळ्यावर दोन लाकडी बिल्ले टांगले, एक मुलांचा, एक मुलींचा. बिल्ला घ्यायचा, जायचं, परत आणून टांगायचा. दुरुपयोग होईल अशी भीती सहकाऱ्यांनी घातली होती. पहिला आठवडा तसा दुरुपयोग झालाही, मग त्यातली गंमत संपली.

आठवीचे दोन्ही तास दुपारचे होते. ते बदलणं सर्वांत अवघड गेलं, कारण पहिल्या तासिका गणित-विज्ञानाच्या आणि त्या कुणी सोडत नाही. अखेर एक तास दुसऱ्या तासिकेला सरकला. दुसरा दुपारीच राहिला, पण त्यात गट्टूंवर जायचं नाही, सावलीतलेच खेळ घ्यायचे.

खो-खो मी तुकड्यांत घेऊ लागलो. एका संघाची पाळी तीन मिनिटांची, मग गडी बदल. कुणी कितीही वेळा बदली मागावी. पहिल्यांदा ती पुन्हा चौकात बसली तो शुक्रवार माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिने मोजे वर ओढले, वेणी ओढणीत खोचली आणि मागे न पाहता खो ची वाट पाहत बसली. दोन गडी बाद केले, हात वर करून बदली मागितली आणि सरळ बाटलीकडे गेली. कुणी काही विचारलं नाही, कारण तिच्याआधी चार जणांनी बदली घेतली होती.

डिसेंबर

इथे आम्ही पुन्हा घसरलो. उन्हाचा बंदोबस्त केला आणि थंडी विसरलो. नागपूरचा पारा डिसेंबरात पहाटे दहाच्या खाली जातो. वार्षिक क्रीडा महोत्सवाच्या संचलनाची तालीम सकाळी सातला ठेवली होती, एकसारखं दिसावं म्हणून स्वेटर काढायला लावून. दुसऱ्या दिवशी तिचे हात दुखू लागले. या वेळी ती लगेच सांगायला आली, हाच काय तो फरक. घरी पाणी, शेक, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. दाखल करावं लागलं नाही. कागदावर मी "थंडीत सकाळी" हा रकानाच केला नव्हता. नंतर तो वाढवला आणि संचलन स्वेटरमध्येच झालं.

परिणाम

नोव्हेंबर ते मार्च या काळात मंगळवार-शुक्रवारच्या तिच्या गैरहजेऱ्या थांबल्या. या काळात दुखणं दोनदा आलं, डिसेंबरचं आणि फेब्रुवारीत तापाबरोबर एकदा. तापाच्या वेळी आईने रात्र न काढता रुग्णालय गाठलं. श्रेणी तिला इतरांसारखीच मिळाली, तिने जे केलं त्यावर.

मार्चमध्ये सहावीतल्या एका मुलाची आई मला शाळेच्या फाटकापाशी भेटली. तिला माठाबद्दल कुठून तरी कळलं होतं. तिच्या मुलालाही एसएस आहे, अर्जात लिहिलेलं नाही, तो कागद मिळेल का, असं तिने विचारलं. मी छापील प्रत दिली.

सगळं सुटलं असं नाही. तिला शाळेच्या खो-खो संघात यायचं होतं. स्पर्धेतल्या लांब डावाला डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. ते तिला सांगणं माझ्या वाट्याला आलं. ती रडली नाही, दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

आज वेगळं काय केलं असतं

"पाय दुखून राहिले" हे वाक्य ऐकलं तेव्हाच थांबलो असतो. मूल थांबायचं म्हणतं तेव्हा त्याला थांबू द्यायला आजाराचं नाव माहीत असावं लागत नाही.

रजेचे अर्ज महिन्यातून एकदा वर्गशिक्षिकेबरोबर बसून वाचले असते. आता वाचतो. एकाच कारणाचे तीन अर्ज दिसले की घरी फोन.

माफीच्या निर्णयाला एक तारीख घातली असती. "दोन आठवडे बाकावर, तोवर डॉक्टरांचा कागद" असं म्हटलं असतं तर तिचे ते दिवस बुडाले नसते. आम्ही मुदत घातली नाही, आणि तात्पुरतं ते कायमचं व्हायला लागलं.

बैठकीत तिलाही बसवलं असतं. सगळे तिच्याबद्दल बोललो, ती व्हरांड्यात उभी होती.

आणि अर्जातला रकाना बदलला असता. आम्ही तो यंदा बदलला. "काही आजार आहे का?" ऐवजी आता असं विचारतो: "आपल्या पाल्याला खेळाच्या तासात सुरक्षित खेळता यावं म्हणून शिक्षकांना काय माहीत असावं? ही माहिती फक्त वर्गशिक्षक व क्रीडाशिक्षक यांच्याकडे राहील." जागतिक सिकलसेल दिन १९ जूनला असतो आणि विदर्भातल्या शाळा त्यानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तो दिवस आमच्याकडे सुट्टीतच जातो. म्हणून शाळा उघडल्यावर पहिल्या पालकसभेत मी स्वतः दहा मिनिटं मागून घेतली आणि हा रकाना वाचून दाखवला. सभा संपल्यावर तीन पालक मागे थांबले.

ती आता नववीत आहे. खेळाच्या तासाला लांब शिट्टी वाजवायचं काम तिने मागून घेतलं आहे. दहा मिनिटांच्या वर एक मिनिट गेलं तरी ती माझ्याकडे पाहते.